आधी त्येचा त्वांड बघ!

मालवणच्या मासळी बाजारात आईबरोबर गेलात की तुमचं लक्ष कुठे असतं, मला ठाऊक आहे. एक तर सुरमई किती लांब आहे तिकडे, नाहीतर टोपलीतून पळ काढणाऱ्या कुर्ल्यांकडे. पुढच्या वेळी एक करा. माशांची फक्त तोंडं बघा. आईची घासाघीस चाललेली असते तोवर भरपूर वेळ मिळतो.

मुडदुशीचं तोंड चिमुकलं, टोकदार. काळुंदर अंगाने चांगलं रुंद, पण तोंड एवढंसं. शेंगाळ्याचं तोंड खालच्या अंगाला आणि भोवती मिश्या. चोणकाचा खालचा जबडा वरच्याच्याही पुढे आलेला. मोठा चोणक असेल आणि त्याने आ वासला असेल, तर आत तुमची मूठ जाईल. सुरमईच्या तोंडात मात्र मूठ सोडाच, बोटसुद्धा घालू नका. ती मेली तरी तिच्या दातांची धार जात नाही.

आता हे सगळं कशासाठी बघायचं? कोळंबच्या खाडीवर नाहीतर देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी गरवायला बसणाऱ्या जुन्या माणसांना विचारा. "काका, कुठली गरी बांधू?" असं विचारलंत की उत्तर येतं, "आधी त्येचा त्वांड बघ, मगे गरी बांध." मासा वर खातो की तळाशी, गिळतो की कुरतडतो, डोळ्याने शोधतो की वासाने, यातलं बरंचसं त्याच्या तोंडावरून कळतं. गरी (म्हणजे गळ) केवढी, आमिष कुठलं, शिसं किती आणि बोया लावायचा की नाही, हे सगळं त्याच्यावर ठरतं.

पावसाळ्यापासून सुरुवात करू. तेव्हा समुद्र खवळलेला, १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी, आणि हौशी गरवणारे नदी-तळ्यांकडे वळलेले. तळं म्हटलं की मालवण तालुक्यात पहिलं नाव धामापूरचं. १५३० साली बांधलेलं हे तळं अजून पाणी देतं, आणि २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. (तिथे गरी घेऊन जाऊ नका हं. लोकांच्या पिण्याचं पाणी आहे ते.) पण आपल्याकडच्या धरणांत आणि शेततळ्यांत ज्या माशांचं बीज सोडतात, ते बहुतेक एकाच घराण्यातले असतात. घराण्याचं नाव कार्प. त्यातले तीन भाऊ तुम्ही बाजारात पाहिलेले असणार: कटला, रोहू आणि मृगळ.

तिघे एकाच तळ्यात राहतात, पण जेवायला एका पंगतीला बसत नाहीत. कटल्याचं डोकं भलंमोठं आणि तोंड वर वळलेलं. तो पृष्ठभागाजवळ तरंगणारे बारीक जीव पाण्याबरोबर आत घेतो आणि कल्ल्यांतल्या बारीक जाळीत गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली झुकलेलं, खालच्या ओठाची कड चुणीदार. तो मधल्या पाण्यात फिरतो. मृगळाचं तोंड त्याहून खाली, कारण तो तळातला गाळ चिवडतो. म्हणून तर मत्स्यशेती करणारे तिघांना एकत्र सोडतात: भांडण नाही आणि तळ्यातला एकही मजला रिकामा नाही.

गरवणाऱ्याने यावरून काय शिकायचं? बोया आणि गरी यांच्यामध्ये दोरी किती ठेवायची, ते. कटल्यासाठी गरी वरच्या पाण्यात लोंबती हवी. मृगळासाठी शिसं तळाला टेकलेलं हवं, आमिष गाळावर पडलेलं हवं. आमिष तेच, गरी तीच, पण दोरी हातभर चुकली की दिवसभर बसा डास मारत.

आणि कार्पचं तोंड आतून कसं असतं? एकदा बोट फिरवून बघा. (हो, याच्या तोंडात बोट घातलेलं चालतं.) जबड्यात एकही दात नाही! याचे दात घशात असतात, अगदी मागे, आणि ते घशाच्या वरच्या बाजूला असलेल्या टणक गादीवर दाबून तो खाणं भरडतो. पण घशापर्यंत जाण्याआधी एक मोठी परीक्षा असते. कुठल्याही देवळाच्या तळीत कार्प असतील तर चार मुरमुरे टाकून नीट बघा. मासा पुढे येतो, ओठ नळीसारखे लांब काढतो आणि तुम्ही स्ट्रॉने सोलकढी ओढता तसा मुरमुरा पाण्यासकट आत ओढतो. पुढच्याच क्षणी, फुक! बाहेर. मग पुन्हा आत. कार्प जे दिसेल ते आधी आत घेतो, तोंडातल्या तोंडात चव घेऊन खाण्याजोगं काय ते निवडतो, आणि खडा, काटकी, कचरा बाहेर थुंकतो. टाळूला असलेली एक मऊ मांसल उशी या कामात फार तरबेज असते.

आता गरवणाऱ्याची पंचाईत लक्षात आली? कार्प तुमचं आमिष आत घेतो आणि त्यात काहीतरी टोचतंय असं जाणवलं की बोया हलायच्या आत थुंकूनही टाकतो. तुम्ही घाटावर बसून म्हणता, "आज मासेच नाहीत."

यावर इंग्लंडमधल्या लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी १९८०च्या सुमारास एक गंमतशीर तोडगा काढला. काचेच्या टाकीत कार्प खाताना बघत त्यांनी प्रयोग केले. आमिष गरीवर लावायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं! गरी मोकळी, आणि तिच्या खाली एका केसाला बांधलेलं आमिष. केस म्हणजे अगदी डोक्यावरचा केस. मासा आमिष ओढतो, आमिष सैल असल्यामुळे त्याला संशय येत नाही, आणि मागोमाग हलकी गरी आत येते. थुंकायला जातो तेव्हा आमिष बाहेर पडतं, पण गरीचं टोक खालच्या ओठात रुततं. म्हणजे ज्या सवयीने कार्प आजवर सुटत होता, तीच सवय त्याला पकडून देते. आज केसाऐवजी बारीक दोरा वापरतात, पण नाव केसाचंच राहिलंय.

आपल्याकडे एवढा खटाटोप फार कुणी करत नाही. आपलं आमिष म्हणजे कणकेचा गोळा. त्यात शेंगदाण्याची पेंड मिसळायची, कारण तळ्यात वाढलेल्या कार्पला तांदळाचा कोंडा आणि पेंड हेच खाद्य दिलेलं असतं. तो वास त्याच्या ओळखीचा. आणि जाणकार त्यात चिमूटभर कापूस पिंजून घालतात. कापसाच्या तंतूंमुळे गोळा पाण्यात विरत नाही आणि बारक्या माशांनी टोचे मारले तरी गरीवरून सुटत नाही. मला विचाराल तर विलायतेच्या केसापेक्षा मला हा कापूसच जास्त आवडतो. खर्च काहीच नाही, आणि आजीच्या वातींच्या डबीतून पळवता येतो.

कार्पची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगते. हे मासे पूर आलेल्या नदीत अंडी घालतात. पहिल्या पावसात आपल्याकडे चढणीचे मासे व्हाळातून, शेतांतून वर चढतात ना, त्यांतल्या कितीतरी जणांचं हेच काम चाललेलं असतं. साठलेल्या तळ्यात मात्र रोहू, कटला अंडी घालायला राजी नसत. नदीतून बीज गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्पला तळ्यातच अंडी घालायला लावलं. आज गावोगावच्या तळ्यांत रोहू दिसतो तो या टोचणीमुळे. म्हणून दरवर्षी १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

गरवताना मोठी माणसं पोरांना "गप बसा" म्हणतात. पाण्याखालच्या माशाला तुमची बडबड खरंच ऐकू येते का? हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, तो वरच्यावर परततो. म्हणजे गप्पा मारायला हरकत नाही. पण काठावर पाय आपटलात, होडीत डबा पाडलात, की संपलं. कार्पच्या पोटात हवेची एक पिशवी असते, वाताशय. पाण्यातल्या आवाजाने ती थरथरते. आणि त्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत इवल्या इवल्या हाडांची साखळी असते, ती ही थरथर कानात पोचवते. मिश्यावाल्या माशांनाही ही साखळी असते. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने १९२३ साली दाखवून दिलं की शिट्टी वाजवली की खाऊ मिळतो, हे मिश्यावाला मासा शिकतो आणि शिट्टीला धावत येतो. हो, मधमाश्यांचा नाच उलगडून १९७३ साली नोबेल मिळवणारे तेच हे फ्रिश.

त्यांनीच आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती गरवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कार्पच्याच घराण्यातल्या एका छोट्या माशाला त्यांनी किंचित जखम केली आणि परत त्याच्या थव्यात सोडलं. थव्यात पळापळ! सगळे दूर पळाले. या माशांच्या कातडीत एक रसायन असतं, कातडी फाटली की ते पाण्यात मिसळतं, आणि बाकीच्यांना वासावरून धोका कळतो. म्हणजे गरीवरून सुटलेला रक्ताळलेला मासा तिथल्या तिथे पाण्यात टाकलात, तर तुम्ही स्वतःच दवंडी पिटलीत. जागा बदला.

चला, आता खाडीत. इथे पिठाच्या गोळ्याला विचारतं कोण? हां, काळुंदर विचारतं. शेवाळ कुरतडणारा मासा तो, त्याच्यासाठी छोटी गरी आणि मटाराएवढा गोळा चालतो, नाहीतर सुंगटाचा तुकडा. पण खाडीतल्या आमिषांचा खरा राजा म्हणजे सुंगट, तुमच्या पुस्तकातली कोळंबी. तुम्हाला सुंगटाचं कालवण गोडसर लागतं ना? त्या गोडीमागे ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल आहे. अशी अमिनो आम्लं पाण्यात लगेच विरघळतात आणि पसरतात, आणि माशाचं नाक आणि जीभ नेमकी त्यांनाच हेरतात. तुमची आणि चोणकाची आवड एकच आहे म्हणा ना. म्हणून सुंगट ताजं हवं आणि अधूनमधून बदलायला हवं. तासभर पाण्यात भिजलेलं पांढरं फटक सुंगट दिसतं सुंगटासारखं, पण त्याचा वास निघून गेलेला असतो.

माशाची जीभ म्हटलं खरं, पण ती असते कुठे? शेंगाळ्याच्या मिश्या आठवा. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यावर चव घेणाऱ्या गाठी असतात. मिश्यावाल्या काही माशांच्या तर अख्ख्या अंगावर, अगदी शेपटीपर्यंत, अशा गाठी असतात. अमेरिकेतल्या अशाच एका गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगावर त्या लाखाच्या वर मोजल्या गेल्यात. तुमच्या-माझ्या तोंडात पाच-दहा हजार. गढूळ पाण्यात, काळोखात, तळाशी डोळ्यांचा उपयोग नसतो. तिथे शेंगाळा चाखत चाखत वाट काढतो. म्हणून त्याच्यासाठी आमिष दिसायला कसंही असो, दर्प हवा: बांगड्याचा तुकडा, तारल्याचं पोट. शिसं जड, तळाला टेकलेलं.

चोणकाचं उलट. त्याला हललेलं कळायला हवं. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, ती बघितली आहे? ती म्हणजे सूक्ष्म छिद्रांची रांग. आजूबाजूचं पाणी जरासं हललं तरी तिथे कळतं. चोणकासाठी सुंगट जिवंतच हवं. ते गरीला लावण्यातही कसब आहे. सुंगटाच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, त्याच्या खाली कवचाआड एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्या ठिपक्याला लागली की सुंगट मेलंच. म्हणून जाणकार ठिपका चुकवून करवतीखालच्या कवचातून टोक अलगद काढतात, नाहीतर शेपटीजवळून. मग सुंगट पाण्यात बराच वेळ पाय मारत राहतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीतलं पाणी ओढाळ होतं आणि बारके मासे, सुंगटं त्याच्याबरोबर बाहेर येतात. चोणक पुलाच्या खांबाआड नाहीतर खडकाआड दबा धरून असतो. सुंगट समोर आलं की तो एवढ्या झटक्यात तोंड उघडतो की पाणी आणि सुंगट दोन्ही आत खेचली जातात. तांबोशीही अशीच आडोशाला असते, आणि आमिष पकडलं की थेट आपल्या कपारीत घुसते. दोरी खडकाला घासून तुटते ती तिथेच.

शिसं बांधण्यातही युक्ती आहे. दोरीला शिसं घट्ट गाठीने बांधलं, तर मासा आमिष ओढताना त्याला वजन जाणवतं आणि तो सोडून देतो. म्हणून भोक असलेलं शिसं दोरीत ओवतात आणि खाली एक गाठ ठेवतात. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी भोकातून सरकत जाते, शिसं आपलं जागच्या जागी. माशाला काही पत्ता लागत नाही, तुमच्या बोटावर मात्र दोरी टकटक करते. कुर्ल्यांवर मात्र याचाही उपाय नाही. त्या आमिष कातरून नेतात आणि तुम्ही रिकामी गरी वर काढता.

गरीचे आकडेही विचित्र. १० नंबरची गरी ६ नंबरपेक्षा लहान! मुडदुशीसारख्या चिमुकल्या तोंडाला, वाळूतले किडे टिपणाऱ्या माशाला, १० नंबरची लांब दांड्याची गरी पुरते. आकडा कमी होत होत १ पर्यंत आला की मग शून्य लागायला लागतं: १/०, २/०, ३/०, आणि तिथून पुढे आकडा वाढला की गरीही मोठी. दुकानात गोंधळ झाला तर आकडा विसरा. माशाचं तोंड डोळ्यासमोर आणा.

या गरीचं वय माहीत आहे? जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत शंखाच्या गऱ्या सापडल्या आहेत, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या. गोल वळवलेल्या, टोक आत वळलेलं. आणि गंमत अशी की आज हीच गोल गरी पुन्हा भाव खातेय. टोक आत वळलेलं असल्यामुळे ती सहसा घशात किंवा पोटात अडकत नाही. मासा वळून निघाला की ती सरकत येते आणि तोंडाच्या कोपऱ्यात बसते. झटका मारायचा नाही, उलट मारलात तर ती सुटते. लहान मासा परत सोडायचा असेल तर तो जगतो. आणि समुद्री कासवंही अशा मोठ्या गोल गऱ्यांत कमी अडकतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना तुम्ही पाहिली असतील, तर हे तुम्हाला नक्कीच आवडेल.

तंगूसाबद्दलही, म्हणजे गरीच्या दोरीबद्दलही, विचारणार तुम्ही, नाही का? दुकानदार महागडा, "पाण्यात न दिसणारा" तंगूस दाखवतो. त्यात थोडं तथ्य आहे. प्रकाश पाण्यात जेवढा वाकतो त्याच्या जवळपास तो त्या तंगूसात वाकतो, साध्या नायलॉनमध्ये त्याहून जास्त. म्हणून साधा तंगूस जरा चमकतो. नितळ पाण्यात फरक पडत असेल. पावसाळ्यातल्या तांबड्या खाडीत मात्र स्वतःचा पाय दिसत नाही, तिथे तो महागडा तंगूस म्हणजे नुसता तोरा! सुरमईसाठी तर तंगूसाचा शेवटचा हातभर भाग काढून तार लावतात, कारण तिच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. तिला वासबीस नको, चकाकणारं आणि पळणारं काहीतरी हवं. चालत्या होडीमागे चकचकीत पत्र्याचं आमिष सोडलं तरी ती झेप घेते. तुटलेला तंगूस आणि शिसं मात्र किनाऱ्यावर टाकून येऊ नका. इंग्लंडमध्ये हंस शिशाचे मणी गिळून मरायला लागले, तेव्हा १९८७ साली तिथे गरवण्याच्या बहुतेक शिशांवर बंदी आली. त्याच वर्षी आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्यात येतं, तेव्हा तिथे गरी टाकण्याआधी मोठ्यांना विचारा.

कुठल्याच गरीला सहसा न फसणारेही आहेत बरं का. शेवटं खाडीत थव्याने उड्या मारतात, अगदी तुमच्या नाकासमोर, आणि तुमच्या सुंगटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं खाणं म्हणजे चिखलावरचा हिरवट-तपकिरी थर. त्यातले सूक्ष्म जीव वाळूसकट गिळायचे आणि जाड भिंतीच्या पोटात वाळूनेच भरडायचे. त्यांना गरीवर लावून देणार तरी काय, चिखल? म्हणून शेवटांसाठी लोक पाग, म्हणजे हातजाळं, फेकतात.

आणि एक आपला शेंगाळा. एरवी याच्यासारखा खादाड नाही, बांगड्याचा सडका तुकडासुद्धा सोडत नाही. पण मादीने अंडी घातली की नर ती गोट्यांएवढी अंडी तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडून पोहण्याजोगी होईपर्यंत, काही आठवडे, तोंडातच सांभाळतो. तोवर जेवण बंद. त्या दिवसांत त्याच्यापुढे ताजं सुंगट धरा नाहीतर तारलं, तो तोंड उघडणार नाही. उघडलं तर पोरं बाहेर सांडतील ना!